हॉइटला राग यावा म्हणून

हॉइट टिडवेल लूडेलच्या आयुष्यात आला तो उलटा आला. म्हणजे त्याचं तोंड पलीकडे, पाठ इकडे, आणि पाठीमागे गाडीला जोडलेली बोट. हार्लन्स फेरी या गावच्या बॅप्टिस्ट चर्चचं उन्हाळी जेवण होतं. ओकच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. तळ्याकडे जायचा रस्ता जेवणाऱ्यांच्या गाड्यांनी अडवलेला, म्हणून या गृहस्थानं चर्चच्या हिरवळीवरूनच बोट मागे घ्यायला सुरुवात केली. पुढे जे झालं ते सांगणाऱ्यागणिक वाढत गेलंय. पाद्रीबाबा सुटाबुटासकट झाडावर चढले. डुकराच्या भाजलेल्या मांड्या घरंगळत तळ्यात गेल्या, आणि तिथल्या कासवांना त्यानंतर कितीतरी वर्षं दुसरं काही रुचेना. चर्चच्या गायकवृंदातल्या बायकांनी त्या क्षणी जो सूर लावला, तो त्यांना पुन्हा कधीच लागला नाही.

लूडेल शेवटच्या टेबलापाशी केळ्याच्या पुडिंगचं पातेलं घेऊन उभी होती. बोट थांबली ती तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर. पातेलं मात्र थांबलं नाही. गाडीतून एक उंच, हडकुळा तरुण उडी मारून उतरला, धावत आला, तिच्या बाजूनं पुढे गेला आणि गुडघ्यांवर बसून बोटीच्या इंजिनाचा पंखा तपासू लागला. पात्याला खोक पडलेली नाही याची खात्री झाल्यावर त्यानं मान वर केली.

"तुमच्या भुवईवर केळं आहे," तो म्हणाला. "आणि पातेलं तुम्ही चुकीचं धरलंत. दोन्ही कानांना धरायचं असतं."

पानगळीच्या आत त्यांचं लग्न झालं.

हॉइटचा स्वभाव त्या दोन वाक्यांत सगळा आला. तो प्रेमाचं बोलायचा नाही. तो चुका काढायचा. लूडेल शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची, अख्खं गाव तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन मोठं झालं होतं, पण घरी त्याच पावाला हॉइट म्हणायचा, "कडा जरा जास्त भाजल्या." तिनं गाडी लावली की वाकडी लावली. दार लावलं की जोरात लावलं. पहिल्या वर्षी ती रडली, दुसऱ्या वर्षी भांडली, आणि तिसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की हा माणूस गावात दुसऱ्या कुणाच्याच चुका काढत नाही. बाकीच्यांकडे तो बघतसुद्धा नाही. तेव्हापासून तिला त्या कुरकुरीची सवय झाली.

फक्त एका बाबतीत लूडेलनं कधी चूक केली नाही, कारण तिथं तिला शिरकावच नव्हता. शनिवार हा हॉइटचा आणि बास माशाचा. उजाडायच्या आत बोट तळ्यात. गळांची पेटी कुणी हलवायची नाही, गळाच्या काठ्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि मासे कुठं लागले हे कुणी विचारायचं नाही. गावात लोक एकमेकांच्या पगाराची चौकशी करत, पण एकमेकांची माशाची जागा कुणी विचारत नसे. तेवढी सभ्यता सगळ्यांना होती.

आणि मग जानेवारीत एका सकाळी बुटाची नाडी बांधायला हॉइट वाकला तो सरळ झालाच नाही. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

इस्पितळातून घरी आणला तेव्हा डॉक्टर लूडेलला बाजूला घेऊन म्हणाले, "घसा ठीक आहे. हातही व्यायामानं बराचसा येईल. पण तो प्रयत्नच करत नाहीये. त्याला जगायचंच नसेल तर त्यावर माझ्याकडे औषध नाही."

हॉइट भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. लूडेल दुधात शिजवलेल्या मक्याच्या कण्या घेऊन जायची, चमचा ओठांशी न्यायची, आणि ओठांमागे दात घट्ट. ती गोड बोलली, प्रार्थना म्हणाली, पाद्रीबाबांना बोलावलं. सगळ्यात वाईट म्हणजे तिनं एकदा मुद्दाम कण्या करपवल्या. हॉइट काहीच म्हणाला नाही. म्हणू शकत नव्हता हे खरं, पण त्यानं कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. लूडेलनं स्वयंपाकघरात जाऊन त्या करपलेल्या कण्या स्वतः उभ्यानं खाल्ल्या.

हॉइटची बहीण इमोजीन रोज यायची. भावावर तिचा जीव होता, पण तिची काळजी नेहमी दोन पावलं पुढं असायची. "तो तपकिरी सूट धुवायला टाकलास का?" तिनं हळूच विचारलं.

"कशाला?"

"अगं, दफनाच्या आयत्या वेळी धावपळ नको."

"इमोजीन, तो ऐकतोय."

"ऐकत असेल तर सांगू दे ना, निळा हवाय की तपकिरी."

त्या दुपारी लूडेलनं, लग्नानंतर पहिल्यांदाच, गळांची पेटी उघडली. तिला वाटलं, ओळखीच्या वस्तू बघून तरी त्याला बरं वाटेल. तिनं एकेक जिन्नस त्याच्या उशाशी मांडला. सगळी खोटी आमिषं: रंगीत लाकडी मासे, चकाकणारे पत्रे, जांभळी रबरी गांडुळं. हॉइटनं डोळे मिटून घेतले. मग ती एक काठी उचलून अंगणात गेली. का गेली हे तिलाही सांगता आलं नसतं. घरात बसवेना, एवढंच.

काठीला रीळ होतं, रिळावर दोरी, दोरीच्या टोकाला तीन नख्यांचा गळ. लूडेलनं हॉइटला लांबून बघितलं होतं तसं काठी मागे नेली आणि झोकात पुढे झटकली. रीळ गर्रकन फिरलं, दोरीचं पाखराच्या घरट्यासारखं गुंतवळ झालं, आणि मागून इमोजीन किंचाळली. गळ तिच्या रविवारच्या टोपीत अडकला होता. लूडेल घाबरून काठी ओढायला लागली. टोपी निघाली, टोपीबरोबर इमोजीनच्या केसांचा वरचा मजलाही निघाला. तो तिचा नव्हता हे हार्लन्स फेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

खिडकीतून आवाज आला.

"घ्घ्."

लूडेलनं वळून पाहिलं. हॉइटचं तोंड भिंतीकडे नव्हतं. ते खिडकीकडे होतं, नाकपुड्या फुगल्या होत्या, आणि डोळे इमोजीनच्या डोक्याकडे नव्हतेच, ते रिळावरच्या गुंत्यावर खिळले होते. त्या संध्याकाळी त्यानं चार चमचे कण्या खाल्ल्या, रागारागानं.

दुसऱ्या दिवशी लूडेल डेल्मर स्कॅग्जच्या दुकानात गेली. डेल्मरच्या दुकानात जिवंत आमिष आणि व्हिनेगरमधली अंडी एकाच फळीवर मिळत. तो तिच्या हातचा पाव खाऊनच एवढा आडवा वाढला होता, आणि शाळेतल्या सवयीनं अजून तिला आदरानं 'मिस'च म्हणायचा.

"मिस लूडेल," काठी बघून त्याचे डोळे विस्फारले, "ही हॉइटची. तुम्ही हिला हात लावलात? त्याला माहीत आहे?"

"माहीत व्हावं म्हणूनच लावला. मला शिकव. आणि त्याला उचलून बोटीत बसवायला ये."

"तो मला मारून टाकेल."

"डेल्मर, त्यानं तुला मारलं तर मी तुझ्या बायकोला जन्मभर पाव पुरवीन. चल."

डेल्मरनं दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिला पहिला धडा दिला. "अंगठा रिळावर. दाबायचा नाही, उचलायचा नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूवर ठेवतो तसा." आणि मासा लागल्यावर त्याला कसा धरायचा तेही दाखवलं, अंगठा त्याच्या खालच्या जबड्यात घालून. "चावत नाही. चावतो, पण लागत नाही. लागतं थोडं."

शनिवारी तिघं धक्क्यावर आली. डेल्मरनं हॉइटला उचलून मागच्या खुर्चीत बसवलं, तरंगणारं जाकीट घातलं, पट्टा बांधला. लूडेल पुढच्या खुर्चीत, म्हणजे हॉइटच्या खुर्चीत बसली. हॉइटची मान ताठ झाली. बोट निघाली.

आता, बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी बोटभर भोक असतं, साठलेलं पाणी निघून जायला. बोट पाण्यात घालायच्या आधी त्यात बूच बसवायचं, हे इथली मुलं दात यायच्या आत शिकतात. ते बूच लूडेलला आदल्या दिवशी पेटीत सापडलं होतं. तिनं ते थर्मासला बसतंय का बघितलं, बसलं नाही, म्हणून खणात टाकून दिलं.

काठापासून थोडं दूर गेल्यावर लूडेल काठी सरसावून उभी राहिली. मागून थपथप आवाज आला. हॉइट डाव्या हातानं बोटीच्या कडेवर आपटत होता. पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलं होतं.

"घ्घ्! घ्घ्! घ्घ्!"

"काय रे? थंडी वाजते?"

हॉइटनं आकाशाकडे बघितलं. पंचवीस वर्षं मी हिला काय शिकवलं, अशी त्याची मुद्रा होती. काठावर थांबलेला डेल्मर कमरेएवढ्या पाण्यात धावत आला आणि दोघांना बोटीसकट ओढून त्यानं काठावर नेलं. त्या दुपारी हॉइटनं ओले मोजे घालूनच वाडगाभर कण्या खाल्ल्या, आणि वाडगा डाव्या हातानं पुढे सरकवला. आणखी.

लूडेलला युक्ती कळली. गोड बोलून हॉइट जगणार नव्हता. त्याला चिडवायला हवं होतं, आणि मासेमारीत नवखं माणूस जेवढं चिडवू शकतं तेवढं दुसरं कुणीच नाही. पुढचे आठवडे सुखाचे गेले. तिनं झाडं पकडली, धक्क्याचा खांब पकडला, स्वतःचा स्वेटर दोनदा पकडला. पायानं चालवायची छोटी मोटर तिनं उलटी दाबली आणि बोट एकाच जागी गिरक्या घेत राहिली, हॉइट मागच्या खुर्चीत, चेहरा लाल. तिनं बासच्या आमिषाला सॉसेजचा तुकडा लावला, कारण "मी मासा असते तर मला हेच आवडलं असतं." हॉइटचा डावा हात आता बोट दाखवू लागला. इकडे नाही, तिकडे. खाली. हळू. घशातले आवाज वेगवेगळे झाले. डॉक्टर म्हणाले, "जे काय करताय ते चालू ठेवा."

पण माणूस रोज एखादी गोष्ट करत राहिला की त्याला ती यायला लागते. यातच घात झाला.

एप्रिल उजाडेपर्यंत लूडेलचा अंगठा आपोआप हलका पडू लागला. आमिष पाण्यातल्या झाडांच्या हव्या त्या खुंटापाशी जाऊन अलगद बसू लागलं. एका सकाळी दोरी थरथरली, तिनं डेल्मरनं सांगितल्यासारखी काठी झटक्यात वर घेतली आणि हाताएवढा बास वर आला. तिनं त्याच्या जबड्यात अंगठा घातला, हिरवट अंग उन्हात चमकलं, आणि ती आनंदानं मागे वळली.

"हॉइट! बघ!"

हॉइटनं बघितलं. चूक शोधली. सापडली नाही. त्याची मान हळूहळू खाली आली आणि तो झोपला.

त्या संध्याकाळी दात पुन्हा घट्ट मिटले.

पुढच्या दिवसांत लूडेलनं जितके मासे धरले, तितका हॉइट सुकत गेला. डेल्मर तिला शाबासकी द्यायचा आणि तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. तिनं मुद्दाम चुका करून बघितल्या. गळ विलोच्या झाडाच्या फांदीवर फेकला, "अगंबाई" म्हणाली, गोंधळल्याचं नाटक केलं. हॉइटनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिच्या खऱ्या चुका काढणाऱ्या माणसाला खोटी चूक कळणार नाही होय? त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. लूडेलनं बोट काठाला लावली.

शुक्रवारी इमोजीन आली, नवा केसांचा टोप लावून, हळव्या आवाजात. "मी शुश्रूषागृहातल्या बाईंशी बोलले. खाट रिकामी आहे. सोमवारी गाडी येईल. तिथं नळीनं अन्न घालतात."

"नळीनं?"

"लूडेल, तो तुझ्या हातचं खात नाही. तू किती दिवस अशी..." इमोजीन खरंच रडत होती, आणि लूडेलला तिच्याशी भांडताही आलं नाही.

शनिवारी हॉइटला उचलताना डेल्मरचा चेहरा पडला. "मिस लूडेल, हा तर... हा काहीच वजनाचा राहिला नाही."

"बसव," लूडेल म्हणाली. "बोलू नकोस."

ती कुठं चालली होती हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. बुडालेल्या झाडांच्या खुंटांपाशी बोट आपोआप थांबली. हॉइट डोळे मिटून होता. लूडेलनं जांभळं गांडूळ फेकलं, का फेकलं कोण जाणे, हातांना दुसरं काम सुचेना म्हणून. आमिष खुंटाच्या सावलीत पडलं, बुडालं, आणि मग कुणीतरी दार ओढावं तशी दोरी ओढली गेली.

काठी वाकून अर्धी पाण्यात गेली. लूडेल एका गुडघ्यावर आली. मासा खोल गेला, खुंटाला वळसा घालू लागला, तिनं त्याला वळवला, दोरी सोडली, ओढली, पुन्हा सोडली. मग तो पाण्याबाहेर उसळला. तोंड बादलीएवढं उघडं, डोकं झटकत. हॉइटनं डोळे उघडले. लूडेलनं त्याला बोटीशी आणलं, जबड्यात अंगठा घालून दोन्ही हातांनी वर घेतलं. अंड्यांनी टम्म फुगलेली मादी. आठ पौंडांच्या खाली नक्कीच नव्हती. तळ्यावर जन्म घालवलेल्या माणसांना असा मासा एकदा लागतो, कित्येकांना तोही नाही.

लूडेल हॉइटकडे वळली आणि वाट बघत राहिली.

हॉइटनं मासा पाहिला. नीट पाहिला. मग भिंतीकडे वळवायचा तशी मान काठाकडे वळवली.

तिथं लूडेलच्या आत काहीतरी तुटलं.

"पुरे," ती म्हणाली. "झालं माझं. तुला मरायचं आहे ना? मर. सोमवारी ते तुला नेतील आणि नाकातून नळी घालतील आणि मला तिथं खुर्चीत बसून ते बघावं लागेल. मी गावातली अख्खी पोरं जेवू घातली, हॉइट. एक तूच राहिलास. हा मासा मी घरी नेते. मक्याच्या पिठात घोळवते आणि तळते. आणि मी एकटी खाते, तुझ्या समोर बसून, अंड्यांसकट!"

तिनं पेटीतली सुरी काढली.

आता, इथं मांजरमासा तळतात, लहान मासे टोपलीभर तळून चर्चमध्ये वाढतात. पण वसंतातली अशी बासची मादी कुणी तळत नाही. तिला बघायचं, वजन करायचं, आणि पाण्यात परत सोडायचं. या गावात एका माणसानं चर्चची दानपेटी फोडली होती, त्याला माफ केलं. पण एका परगावच्या सुतारानं अशीच मादी तळली होती, त्याला गावात पुन्हा काम मिळालं नाही. लूडेलला हे सगळं ठाऊक होतं. आणि तरीही ती खोटं बोलत नव्हती. सुरी माशाच्या कल्ल्याशी टेकली होती. हॉइटनं तिच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"सो," हॉइट म्हणाला.

लूडेल थांबली.

"सो... सोड." त्याच्या कपाळावरची शीर फुगली. "सोड तिला. बाव... बावळट!"

लूडेलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण हात ढळला नाही. इतक्या महिन्यांनी तिच्या हातात पहिल्यांदा ओलीस आलं होतं.

"जेवशील?"

"सोड!"

"आधी सांग. जेवशील?"

मासा तोंडाची उघडझाप करत होता. हॉइटची नजर त्याच्यावरून तिच्यावर, तिच्यावरून त्याच्यावर. पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये, हे त्याला तिच्याहून चांगलं माहीत होतं.

"जे... वीन. जेवीन! सोड, मर... मरेल ती!"

"रोज?"

"रोज!"

लूडेलनं सुरी टाकली आणि मासा पाण्यात फेकला. तो कुशीवर तरंगू लागला.

"अशी नाही!" हॉइट ओरडला, आणि पट्ट्यातून जेवढं वाकता येईल तेवढं डावीकडे वाकला. "धर. सरळ. हलव... पुढे-मागे."

लूडेल बोटीच्या कडेवर पालथी पडली, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि मादीला सरळ धरून पुढे-मागे हलवत राहिली. कल्ले हलू लागले. शेपटीनं एक फटकारा मारला, लूडेलचा चेहरा भिजला, आणि मासा गेला. ती तशीच पालथी पडून हुंदके देत राहिली.

"कोपर," मागून हॉइट म्हणाला. "बाहेर ठे... ठेवायचं असतं. कोपर."

इमोजीननं सोमवारची गाडी परत पाठवली. हॉइट शब्दाला जागला. तो रोज जेवला आणि रोज बोलला, आधी एकेक शब्द, मग वाक्यं. कण्या पातळ झाल्या, उशी उंच झाली, दार जोरात लागलं. उन्हाळ्यात तो आधाराची काठी टेकत अंगणात फिरू लागला, आणि थंडी पडेपर्यंत उजव्या हाताला रीळ पेलू लागलं.

पुढच्या वसंतात हॉइट पुन्हा शनिवारी तळ्यावर जाऊ लागला. सोबत डेल्मरला नेऊ लागला. लूडेलच्या मासे धरण्यात चूक सापडेना, म्हणून ती बोटीत फार बोलते असं त्याचं म्हणणं पडलं, आणि त्यानंतर त्यानं तिला कधी नेलं नाही.